अल्झायमर-पार्किन्सन आणि न्यूरोइन्फर्मॅटिक्स: जळगावात बसून सुरुवात कशी करावी?

वाघूरकाठ

नमस्कार मंडळी. जळगावला एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे अल्झायमर आणि पार्किन्सनवर काम करायचे आहे, पण प्रयोगशाळेत नाही, डेटाच्या बाजूने, म्हणजे न्यूरोइन्फर्मॅटिक्समध्ये (मेंदूच्या डेटाचे संगणकीय विश्लेषण). सहा महिन्यांचा प्रकल्प आता सुरू होतोय. सुचवलेला विषय असा: कॅगल या डेटासंचांच्या संकेतस्थळावरचा अल्झायमर एमआरआयचा चार वर्गांचा संच घ्यायचा आणि सीएनएन (चित्रे ओळखायला शिकणारे मॉडेल) चालवायचे. त्याच संचावर ९८-९९ टक्के अचूकता दाखवणारे पेपर ढिगाने पडलेत, मग आपण वेगळे काय करणार हे कळत नाही.

लॅपटॉप आय-५, रॅम ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड नाही. पायथन आणि आर बऱ्यापैकी येते, लिनक्स जेमतेम. प्रकल्प कोणता घ्यावा, या मशीनवर काय झेपेल, पीएच.डी.साठी कुठे आणि कोणत्या परीक्षेतून जायचे, आणि आपल्या खानदेशातल्या रुग्णांवर असे काही काम होऊ शकते का, की सगळे बंगळूरलाच?

तापी_पांझरा

ताई, तो संच सोडा. कारण त्याच्या आकड्यांतच दिसते. एकूण ६,४०० चित्रे आहेत: निरोगी ३,२००, अतिसौम्य २,२४०, सौम्य ८९६, मध्यम ६४. प्रत्येक आकडा ३२ ने भागून बघा. १००, ७०, २८, २ येतात. आता अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा ओॲसिस-१ हा खुला संच काढा आणि त्यातले रुग्ण सीडीआरप्रमाणे (स्मृतिभ्रंश किती तीव्र आहे याची श्रेणी) मोजा: सीडीआर ०.५ चे ७०, सीडीआर १ चे २८, सीडीआर २ चे २. आकडे तंतोतंत जुळतात. म्हणजे एकेका माणसाच्या मेंदूचे ३२ काप, आणि 'मध्यम' वर्गातली ६४ चित्रे अवघ्या दोन माणसांची.

या ६,४०० चित्रांची सरसकट ८०:२० वाटणी केली की एकाच माणसाचे शेजारशेजारचे काप प्रशिक्षणातही जातात आणि चाचणीतही. मॉडेल आजार ओळखत नाही, कवटी ओळखते. ९८ टक्के तिथून येतात. यावर उपाय आहे, माणसागणिक वाटणी करायची. सायकिट-लर्न या पायथनच्या संग्रहात त्यासाठी ग्रुप-के-फोल्ड तयारच आहे. पण कॅगलच्या फाइलनावांत कोणता काप कोणाचा हे दिलेलेच नाही, त्यामुळे हा संच दुरुस्तही करता येत नाही. चित्रे उलटसुलट करून वाढवलेली त्याची आवृत्ती तर अजून वाईट, कारण वाटणीआधीच एका कापाच्या अनेक नकला झालेल्या असतात.

त्याऐवजी मूळ ओॲसिस-१ घ्या. ४१६ माणसे, वय १८ ते ९६, सगळे उजवखुरे. त्यातही सगळे घेऊ नका. ६० च्या खालचे २१८ जण आहेत आणि त्यांच्यात रुग्ण एकही नाही. ते 'निरोगी' म्हणून घातले की मॉडेल वय शिकेल आणि तुम्हाला वाटेल अल्झायमर शिकले. ६० आणि वरचे १९८ ठेवा: ९८ निरोगी, १०० रुग्ण.

प्रकल्पाचा प्रश्न साधा ठेवा. हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग) डावे-उजवे आकारमान, त्याच्या शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्सची जाडी आणि मेंदूतल्या पोकळ्यांचे आकारमान, एवढ्या मोजमापांनी फक्त वय-लिंग-शिक्षणापेक्षा किती जास्त कळते? दोन लॉजिस्टिक मॉडेल, एक मोजमापांशिवाय आणि एक मोजमापांसह. पाच घड्यांची तपासणी (डेटाचे पाच भाग करून आळीपाळीने एकेकावर चाचणी) बऱ्याच वेळा फिरवा, एयूसी (मॉडेल रुग्ण आणि निरोगी किती नीट वेगळे करते याचे माप) विश्वासमर्यादेसह द्या. दोन गोष्टींना जपा. एक, आकारमान कवटीच्या एकूण आकाराने समायोजित करा, नाहीतर पुरुषांचे हिप्पोकॅम्पस 'मोठे' आणि बायकांचे 'आजारी' दिसतील. दोन, एमएमएसईचे (स्मरणशक्ती आणि आकलनाची छोटी चाचणी) गुण इनपुटमध्ये टाकू नका. निदान करताना स्मरणशक्तीचीच तपासणी झालेली असते, त्यामुळे उत्तर प्रश्नातच घातल्यासारखे होते. हा घोळ छापून आलेल्या पेपरांतही सापडतो.

९८ टक्के येणार नाहीत. पण तोंडी परीक्षेत कोणी कुठूनही विचारले तरी प्रत्येक आकड्याचा हिशेब देता येईल.

भुसावळ_स्कॅन

मशीनचे मी सांगतो.

स्कॅनवरून मेंदूचे भाग मोजायचे नेहमीचे साधन फ्रीसर्फर. त्याची रिकॉन-ऑल ही आज्ञा एका टी-१ स्कॅनला (मेंदूची रचना दाखवणारा एमआरआय) साध्या प्रोसेसरवर सहा-आठ तास सहज घेते आणि ८ जीबी रॅम मागते. १९८ स्कॅन म्हणजे लॅपटॉप रात्रंदिवस चालवून दोनेक महिने. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांत तो स्वतःच वेग कमी करणार, म्हणजे अजून जास्त. हे करूच नका. ओॲसिस-१ च्या डाउनलोडमध्ये फ्रीसर्फरचे तयार निकाल मिळतात, ते घ्या. आवृत्ती जुनी आहे, अहवालात तसे लिहा. स्वतः फक्त दहा-बारा स्कॅन चालवा, हात बसावा म्हणून.

ते दहा-बारा चालवताना काय मोडते, तेही सांगतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकाल. ते मूळ रॅमच्या निम्मीच वापरते, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी. रिकॉन-ऑल मध्येच मरते आणि लॉगमध्ये फक्त 'किल्ड' एवढा शब्द दिसतो. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा ६-७ जीबी करा, स्वॅप १६ जीबी द्या, ब्राउझर बंद ठेवा. डेटा सी ड्राइव्हवर ठेवून तिथूनच चालवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये आणा. सी ड्राइव्हवरून फाइली वाचणे फार हळू होते आणि फ्रीसर्फर जे सांकेतिक दुवे (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) बनवते ते तिथे अडतात. लायसन्स फाइल मोफत आहे, नोंदणी केली की ईमेलवर येते; ती ठरल्या जागी नसेल तर पहिल्याच मिनिटाला थांबते.

विभागातल्या डेस्कटॉपवर चालवत असाल तर वीज जाणे धरूनच चाला. वीज गेली की त्या माणसाच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये 'इझ-रनिंग' नावाची फाइल तशीच राहते. पुन्हा आज्ञा दिली की 'आधीच चालू आहे' म्हणून नकार येतो. आधी खरेच काही चालू नाही ना ते बघा, ती फाइल उडवा, आणि सगळे पहिल्यापासून न करता जिथे थांबले त्या टप्प्यापासून पुढे न्या.

ओॲसिस-१ ची कच्ची चित्रे ॲनालाइझ ७.५ या जुन्या फाइलस्वरूपात आहेत. त्यात डावे-उजवे पक्के लिहिलेले नसते. निफ्टी या आताच्या स्वरूपात बदलताना सोबतच्या माहितीपत्रकात दिशा काय दिली आहे ते वाचा, नाहीतर डावा हिप्पोकॅम्पस उजवा म्हणून मोजाल आणि कुठेही एरर येणार नाही.

आणि प्रत्येक निकाल डोळ्यांनी बघा. फ्रीव्ह्यू या फ्रीसर्फरच्या दर्शकात तिन्ही दिशांनी, माणशी पाच मिनिटे. कवटी सोलताना (चित्रातून कवटी वगळताना) मेंदूबाहेरचे आवरण आत राहिलेय का, टेम्पोरल टोक कापले गेलेय का, हिप्पोकॅम्पसच्या कडेला पाणी धरलेय का. स्कॅनमध्ये कडांना समांतर रेघा दिसल्या की माणूस हलला होता. हलण्याने कॉर्टेक्स प्रत्यक्षापेक्षा पातळ मोजला जातो, आणि आजारी माणूस निरोग्यापेक्षा जास्त हलतो. त्यामुळे वाईट स्कॅन तसेच ठेवले तर आजाराचा परिणाम फुगतो. कोणते स्कॅन वगळायचे ते निदानाचा रकाना झाकूनच ठरवा.

पूर्ण १९८ नव्या आवृत्तीने मोजायचेच असतील तर फास्टसर्फर (असेच पण वेगवान साधन), फक्त मेंदूचे भाग वेगळे करण्याचा टप्पा, गूगल कोलॅबच्या मोफत जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसर). स्कॅनला काही मिनिटे लागतात. मात्र जाडीसाठी पृष्ठभागाचा टप्पा लागतो, तो यात होत नाही. आणि काही आकडे फ्रीसर्फरचे, काही फास्टसर्फरचे असे एका तक्त्यात कालवू नका.

वाघूरकाठ

खूप आभार दादा. ३२ ने भागून पाहिले, अगदी तसेच निघाले. गाइडना हेच दाखवते. पार्किन्सनसाठीही अशाच टी-१ स्कॅनवर करता येईल का?

तापी_पांझरा

नाही. पार्किन्सनच्या सुरुवातीला नेहमीच्या टी-१ वर डोळ्याला किंवा फ्रीसर्फरला फारसे काही दिसत नाही. तिथे डोपामिन वाहकाचे स्पेक्ट स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेले) आणि एमडीएस-यूपीडीआरएसचे (पार्किन्सनची लक्षणे मोजणारी श्रेणी) गुण कामाला येतात. २०१० साली सुरू झालेल्या पीपीएमआय या पार्किन्सनच्या अभ्यासात दोन्ही मिळते, अर्ज करावा लागतो.

यूसीआय या खुल्या डेटाभांडारातला पार्किन्सनच्या आवाजाचा संच कोणी सुचवला तर तिथेही तीच पारख करा. १९५ ध्वनिमुद्रणे, पण माणसे फक्त ३१, त्यातले २३ पार्किन्सनचे. दरमाणशी साधारण सहा मुद्रणे. वाटणी माणसागणिक नसेल तर पुन्हा कवटीचीच गोष्ट, इथे आवाजाची.

चोपडा_बंगळूर

पुढच्या वाटेबद्दल.

परीक्षा: सीएसआयआर-यूजीसी नेट जीवशास्त्रातून द्या, जेआरएफ (संशोधनाची कनिष्ठ शिष्यवृत्ती) मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे, दोन वर्षांनी एसआरएफचे (वरिष्ठ शिष्यवृत्ती) ४२,०००. जोडीला गेट. तुमच्यासाठी बायोटेक्नॉलॉजी किंवा लाइफ सायन्सेसचा पेपर सोपा जाईल, पण २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे. गणित चांगले असेल तर तो द्या, अभियांत्रिकी विभागांची दारे त्याने उघडतात. लिनिअर अल्जिब्रा आणि संभाव्यता कच्ची ठेवून या क्षेत्रात येऊ नका, मुलाखतीत पहिला घाव तिथेच बसतो.

संस्था: बंगळूरला आयआयएससीचे सेंटर फॉर न्यूरोसायन्स, त्याच आवारातले सेंटर फॉर ब्रेन रिसर्च, आणि निम्हान्स. मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये भारतीय मेंदूचा ॲटलास बनवला, त्यात भारतीय मेंदूचे सरासरी आकारमान पाश्चात्त्य मेंदूपेक्षा लहान निघाले. आपण वापरतो ते बहुतेक साचे पाश्चात्त्य मेंदूंवर बेतलेले, म्हणून प्रतिमा-विश्लेषण करणाऱ्याला हे काम महत्त्वाचे. जवळ हवे असेल तर आयसर पुणे. निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. मृत्यूनंतर ऊतक तपासून झालेले निदान आणि जिवंतपणीचे स्कॅन यांची सांगड ज्याला घालायची आहे त्याने तिकडे बघावे.

सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा श्रीनिवासपुरा अभ्यास तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. कोलार जिल्ह्यातली खेडी, ४५ वर्षांवरची माणसे, १०,००० जणांचे लक्ष्य, वर्षानुवर्षे पाठपुरावा. रक्त, स्मरणशक्तीच्या चाचण्या, एमआरआय, जनुके. असा अभ्यास चालवायला जितके डॉक्टर लागतात तितकेच डेटा सांभाळणारे लागतात. 'न्यूरोइन्फर्मॅटिक्स' म्हणून जाहिरात क्वचितच निघते. प्रोजेक्ट असोसिएट, डेटा मॅनेजर, रिसर्च सॉफ्टवेअर अशा नावांनी निघते. या जागा वर्षावर्षाच्या करारावर असतात हे आधीच धरून चला. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे, नंतर पोस्टडॉक, आणि मग कुठे कायम जागेचा विचार. घरच्यांशी हा हिशेब आत्ताच मांडलेला बरा. मध्येच उद्योगात जायचे झाले तर औषध-चाचण्यांचे स्कॅन तपासणाऱ्या कंपन्या आणि वैद्यकीय सॉफ्टवेअर हे दोन रस्ते आहेत. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली, आणि ते औषध देताना मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का हे ठरावीक काळाने एमआरआय करून बघावे लागते. त्यामुळे स्कॅनचे मोजमाप नीट करणाऱ्यांचे काम वाढतेच आहे.

जळगावात बसून नाव कमवायचे असेल तर सर्वांत चांगला रस्ता म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरमध्ये भर घालणे. आयएनसीएफ ही न्यूरोइन्फर्मॅटिक्सची आंतरराष्ट्रीय संस्था २००५ मध्ये सुरू झाली, मुख्यालय स्टॉकहोमला. गूगल समर ऑफ कोडमध्ये (खुल्या सॉफ्टवेअरवर काम करायला नवोदितांना मानधन देणारा उपक्रम) ती बरीच वर्षे भाग घेते आहे. प्रस्ताव मार्च-एप्रिलच्या सुमारास जातात, पण निवड बहुधा त्यांचीच होते जे हिवाळ्यापासून छोट्या चुका दुरुस्त करत असतात. नायबाबेल, नायलर्न, एमआरआयक्यूसी या मेंदूप्रतिमांच्या खुल्या सॉफ्टवेअरांतले एक निवडा. सुरुवात कागदपत्रांतल्या चुकांपासून केली तरी चालते. भारतीय विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते, अर्ज आधीच्या हिवाळ्यात. न्यूरोमॅच अकादमीचे साहित्य मोफत आहे, संगणकीय न्यूरोसायन्सचा पाया तिथून पक्का होतो.

डेटा पहिल्या दिवसापासून बिड्स (मेंदूप्रतिमा मांडायची प्रमाण रीत) पद्धतीने लावा: प्रत्येक माणसाला सांकेतिक क्रमांक, ठरलेली फोल्डररचना, सोबत माहितीची जेसन फाइल. २०१६ पासून हीच रीत रूढ आहे. मुलाखतीत गिटहबवरचे असे एक नेटके भांडार दाखवले की कॉलेज कुठले हा प्रश्न मागे पडतो.

सातपुडा_पायथा

खानदेशात होऊ शकते, पण एमआरआयपासून सुरू करू नका, चाचणीपासून करा. सगळ्यात कठीण काम तेच आहे आणि तिथेच आपल्या माणसांची गरज आहे.

एमएमएसईत वाचायला, लिहायला आणि आकृती काढायला सांगतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीचे तिथे गुण जातात आणि ती कागदावर आजारी ठरते. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी निरक्षर लोकांना चालेल अशी हिंदी चाचणी, एचएमएसई, १९९० च्या दशकात बनवली गेली. पुढे लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासातही ती वापरली गेली. त्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला: ६० वर्षांवरच्या भारतीयांत स्मृतिभ्रंश ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. स्त्रियांत जास्त, खेड्यांत जास्त.

आता अहिराणी बोलणाऱ्या गावात प्रमाण मराठीत 'आज दिनांक काय?' विचारून बघा. उत्तर येते तिथीचे, नाहीतर बाजाराच्या वाराचे, आणि ते बरोबर असते. तपासणाऱ्याने ते चूक धरले की मोजमाप बिघडले. 'आज कोणता वार शे?' असे विचारले की माणूस मोकळा होतो. नंदुरबारकडे पावरी आणि भिली, तिथे तर अहिराणीही परकीच. चाचणीचे भाषांतर करायचे, दुसऱ्याने ते उलट मूळ भाषेत आणायचे, फरक मिटवायचा, मग शिकलेल्या आणि न शिकलेल्या निरोगी माणसांवर वेगवेगळे सामान्य गुण ठरवायचे. सहा महिन्यांच्या प्रकल्पात एवढे बसणार नाही. भाषांतर आणि ३०-४० निरोगी ज्येष्ठांवर पहिली चाचपणी मात्र बसते.

दुसरे, घरच्यांची मुलाखत. एकत्र कुटुंबात आजार झाकला जातो, कारण सून सगळे हातात देते. 'बाबांना काही विसरायला होते का?' याला उत्तर ठरलेले: 'वय झाले ना.' त्याऐवजी नेमके विचारा. केळीच्या गाडीचा हिशेब मागच्या वर्षी कोण मांडायचे, यंदा कोण मांडते? मजुरांची हजेरी? चहात साखर दोनदा पडते का? शेताची वाट चुकली का? सीडीआर अशाच उत्तरांवर ठरते.

निदानाआधी बी-१२, थायरॉइड, ऐकू येते का आणि नैराश्य बघितलेले असायला हवे. पार्किन्सनच्या यादीत औषधांमुळे आलेला कंप घुसतो. चक्कर आणि अर्धशिशीवर दिली जाणारी सिनारिझिन, फ्लुनारिझिन महिनोन्‌महिने चालू असतात, जुन्या चिठ्ठ्या मागून बघा.

फवारणीचा प्रश्न आपल्या कपाशी-केळीच्या पट्ट्यात कोणाच्याही मनात येतोच. अमेरिकेतल्या शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात पॅराक्वाट आणि रोटेनोन वापरणाऱ्यांत पार्किन्सनची शक्यता सुमारे अडीच पट आढळली होती. इथे तसे काही म्हणायचे तर आधी वापराची नोंद हवी, आणि आजारी माणूस जुनी फवारणी निरोग्यापेक्षा जास्त आठवून सांगतो ही मोठी अडचण. यासाठी सातबाऱ्याचा गाव नमुना १२ उपयोगी आहे. कोणत्या गटात कोणत्या वर्षी कोणते पीक होते हे त्यात आजारापूर्वीच लिहिलेले असते. कोणते औषध मारले ते त्यातून कळत नाही, पण पीक आणि क्षेत्र कळते. नमुना १२ चे रकाने डेटाबेसमध्ये उतरवून माणसाच्या वयाशी जोडणे हे अस्सल इन्फर्मॅटिक्सचे काम आहे, आणि ते बंगळूरहून कोणी येऊन करणार नाही.

एथिक्स कमिटीची मंजुरी हवीच. ज्याला संमती समजत नाही त्याच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधीची सही, आणि तरीही त्या माणसाने मान हलवून नको म्हटले तर तिथेच थांबायचे.

भुसावळ_स्कॅन

वरच्यात भर. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सेंटरमधून जुने स्कॅन मिळाले म्हणून हुरळू नका. नेहमीच्या तपासणीत ५ मिलिमीटर जाडीचे काप असतात, डॉक्टरला बघायला पुरेसे, पण फ्रीसर्फरला लागतो १ मिलिमीटरचा त्रिमितीय टी-१. पुढच्या रुग्णांसाठी तो क्रम मागून घ्या. सीमेन्सवर एमपी-रेज, जीईवर ब्राव्हो, फिलिप्सवर थ्रीडी-टीएफई. पाचेक मिनिटे जास्त लागतात. डायकॉममधले (स्कॅनरमधून येणाऱ्या फाइलींचे स्वरूप) नाव, जन्मतारीख आणि फाइलनावात टाकलेले आडनाव काढा. चेहराही काढा, पाय-डीफेस हे साधन त्यासाठीच आहे, कारण त्रिमितीय स्कॅनवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो आणि तालुक्याच्या गावात तो लगेच ओळखू येतो.

वाघूरकाठ

ठरले: प्रकल्प ओॲसिस-१ च्या १९८ वर, आणि अहिराणी भाषांतराचे गाइडशी वेगळे बोलते. शेवटचे एक. एडीएनआय या अल्झायमरच्या मोठ्या प्रतिमा-अभ्यासाचा डेटा विद्यार्थ्याला मिळतो का?

चोपडा_बंगळूर

मिळतो. कॉलेजच्या ईमेलवरून अर्ज करा, जीमेलवरून नको. गाइडचे नाव द्या, आणि काय करणार ते चार-पाच नेमक्या वाक्यांत लिहा. 'एआयने अल्झायमर शोधणार' एवढ्यावर भागवू नका. दोनेक आठवडे लागतात. डेटा मित्राला द्यायचा नाही, पेनड्राइव्हवरही नाही; ज्याला हवा त्याने स्वतः अर्ज करायचा. पेपर लिहिलात तर लेखकांच्या ओळीत एडीएनआयचे नाव आणि पाठवण्याआधी त्यांच्या समितीला मसुदा. तिथे एकाच माणसाच्या अनेक भेटी असतात, तेव्हा वाटणी भेटीगणिक नाही, माणसागणिक. स्कॅनरही अनेक, त्यासाठी कॉम्बॅट (स्कॅनरांमधला फरक काढून टाकणारी पद्धत) वापराल तर ते फक्त प्रशिक्षणाच्या भागावर बसवा आणि तेच गुणांक चाचणीला लावा.